गोव्याची फेरीबोट : एका सरकारी जलवाहतुकीचा परिचय

गोव्याच्या तिसवाडी तालुक्याच्या उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस या दोन्ही नद्यांना जोडणारा सुमारे 17 किलोमीटर लांबीचा कुंभारजुवे कालवा अशी रचना असल्यामुळे या तालुक्याचा मुख्य भूभाग हेच मुळात एक बेट आहे. त्यात मांडवीच्या पात्रातील चोडण, दिवाडी आणि सांत इस्तेव ही बेटे आणखी वेगळी. अशा प्रदेशात बाजारहाट, शाळा, कचेरी आणि देवदर्शन यांपैकी कशासाठीही घराबाहेर पडायचे म्हटले की वाटेत पाणी येणारच. या पाण्यावर जी सार्वजनिक वाहतूक चालते, तिचे साधन म्हणजे राज्य सरकारच्या नदी परिवहन खात्याची फेरीबोट होय. खात्याचे मुख्य कार्यालय पणजीसमोर, मांडवीच्या पैलतीरावरील बेती येथे आहे.

विदर्भात, हिंगणघाट तालुक्यातील वडनेरसारख्या गावातील वाचकाला नदीवरची बारमाही सरकारी सेवा ही कल्पनाच काहीशी नवलाची वाटेल, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. वर्धा आणि वणा या नद्या पावसाच्या पाण्यावर जगतात. पुरात डोंग्याशिवाय पार होता येत नाही आणि उन्हाळ्यात पात्रातील वाळू उघडी पडते, म्हणून तेथे नाव ही हंगामी गरज ठरते. मांडवी आणि जुवारी यांच्या खालच्या टप्प्यात मात्र पाण्याची पातळी पावसापेक्षा समुद्रावर अवलंबून असते. भरतीचे पाणी नदीमुखातून कित्येक किलोमीटर आत शिरते आणि ओहोटीला परतते, त्यामुळे ऐन वैशाखातही बोट चालण्याइतकी खोली टिकून राहते.

हीच भरती-ओहोटी फेरीबोटीच्या घडणीमागेही आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. सरळ उभ्या भिंतीचा धक्का बांधला, तर सकाळी त्याला समतल लागलेली बोट दुपारी त्याच्या पुष्कळ खाली गेलेली असेल आणि तिच्यावर गाडी चढविणे अशक्य होईल. म्हणून येथील फेरीधक्का म्हणजे रस्ता संपतो तेथून थेट पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार असतो, आणि बोट सपाट तळाची, उथळ पाण्यात चालणारी व खाली सोडता येणारी लोखंडी फळी बसविलेली असते. पाणी चढलेले असो वा उतरलेले, त्या वेळी ते उतारावर जेथे टेकले असेल तेथेच बोट लागते. फळी खडखडत खाली येते, इंजिन चालू ठेवून बोट उताराशी रेटून धरली जाते, आणि तेवढ्या अवधीत स्कूटर, मोटारी, टेम्पो, डोक्यावर पाटी घेतलेली मासळीविक्रेती आणि दप्तरे लटकवलेली मुले उतरून जाऊन दुसऱ्या बाजूला जाणारे चढूनही घेतात. शेवाळ धरलेल्या ओल्या उतारावरून दुचाकी सांभाळत नेणे हे मात्र नवख्याचे काम नव्हे.

जगातील अधिक प्रसिद्ध जलसेवांशी तुलना केली, तर गोव्याच्या व्यवस्थेचे वेगळेपण चटकन लक्षात येते. इटलीतील व्हेनिस या कालव्यांच्या शहरात 1881 पासून यांत्रिक बोटी बसप्रमाणे ठरलेल्या थांब्यांवरून धावतात. तेथील ‘व्हापोरेत्तो’ ही बोट केवळ माणसांसाठी असते आणि तिचा थांबा म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता तराफा असतो. केरळात 25 एप्रिल 2023 रोजी सुरू झालेल्या कोची जलमेट्रोनेही तरंगता धक्का आणि फक्त प्रवासी हीच पद्धत स्वीकारली. या दोन्ही सेवा प्रवाशांना शहराच्या आत लांबवर फिरवितात, तर गोव्याची फेरीबोट बहुतेक ठिकाणी समोरच्या तीरावर जाऊन परत येते. नदीने तोडलेला रस्ता ती जोडते, आणि म्हणूनच तिला वाहनेही वाहून न्यावी लागतात.

फेरीबोट हा रस्त्याचाच भाग मानला की तिच्या भाड्याचे धोरणही समजते. पायी जाणाऱ्यांना आणि दुचाकीस्वारांना ही सेवा विनाशुल्क आहे, चारचाकींना थोडे शुल्क पडते. दुचाकींनाही शुल्क लावण्याचा विचार 2023 मध्ये पुढे आला, तेव्हा बेटांवरील लोकांनी त्याला विरोध केला आणि सरकारला तो बाजूला ठेवावा लागला. हा विरोध फुकटेपणाचा म्हणून हिणवणे सोपे आहे. पण मुख्य भूमीवरील नागरिकाला गावाबाहेर पडण्यासाठी रस्त्याचे भाडे भरावे लागत नसेल, तर ते दिवाडीकराने का भरावे, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नाही.

फेरीमार्गांचे आयुष्य पुलांवर अवलंबून असते. सांत इस्तेव किंवा खोर्जुवे या बेटांना पूल झाल्यावर तेथील जीवनक्रम बदलला, आणि मांडवीवर पणजी-बेती पूल झाल्यावर फेरीबोटीचे महत्त्व ओसरले. परंतु 5 जुलै 1986 रोजी तो पूल कोसळला आणि ऐन पावसाळ्यात राजधानी व उत्तर गोवा यांच्यातील रहदारीचा फार मोठा भार पुन्हा बोटींवर येऊन पडला. मोडीत काढण्याच्या बेताला आलेली साधने संकटात कशी कामी येतात, याचे याहून ठळक उदाहरण गोव्यात सापडणार नाही.

दिवाडी आणि चोडण येथे पूल हवा की नको, यावर बेटांवरच एकमत नाही. आजारी माणसाला रात्री पलीकडे नेण्याची चिंता एका बाजूला आहे, तर पुलामागोमाग येणारे जमिनीचे व्यवहार आणि बांधकामे यांची धास्ती दुसऱ्या बाजूला. चोडणच्या पश्चिम टोकाला कांदळवनात डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. दोन्ही बेटांवर खाजन शेती, म्हणजे खारे पाणी बांधांनी अडवून आणि ‘मानस’ नावाच्या झडपांनी सोडून केलेली भातशेती टिकून आहे. दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे मूळ देवस्थान पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे नेण्यात आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. आजही दिवाडी आणि नार्वे यांच्यामधली नदी फेरीबोटीनेच ओलांडावी लागते.

कुंभारजुवे कालव्याची कथा थोडी निराळी आहे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र यांमुळे खनिज वाहणाऱ्या बार्जना बाहेर पडणे धोक्याचे होते. तेव्हा त्या या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठत. 2016 च्या कायद्याने हा कालवा, मांडवी आणि जुवारी या तिन्हींना राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळाला. त्याच कालव्यात मगरींचीही वस्ती आहे, हे पर्यटकांना सांगितले जाते, फेरीबोटीच्या नेहमीच्या प्रवाशाला त्याचे फारसे अप्रूप नसते.

रायबंदर-चोडण हा वर्दळीचा मार्ग असून सकाळी कामाच्या वेळेस तेथे वाहनांची रांग रस्त्यापर्यंत लांबते. जुलै 2025 मध्ये याच मार्गावर ‘रो-रो’ पद्धतीच्या, म्हणजे वाहने चाकांवरच आत-बाहेर होतील अशा, अधिक क्षमतेच्या नव्या बोटी सुरू झाल्या. बेटांवरील मागणी त्याहून साधी आहे: फेऱ्या वेळेवर असाव्यात, बिघडलेल्या बोटीच्या जागी दुसरी तत्काळ यावी आणि रात्रीची सेवा बंद पडू नये.