फॉरमॅट मारण्याआधी

बंद पडणाऱ्या संगणकांचे मिनीडंप जपून ठेवायचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. निळा पडदा दाखवून विंडोज थांबतं, तेव्हा सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, ‘मिनीडंप’ नावाच्या कप्प्यात एक छोटी फाइल टाकून जातं. फाइलच्या नावातच तारीख असते. थांबण्याच्या क्षणी प्रोसेसर काय करत होता, कुठल्या कामातून तिथवर आला, कोणकोणते ड्रायव्हर चढलेले होते, हे सगळं त्या काहीशे किलोबाइटांत मिळतं. हा घटनास्थळाचा पंचनामाच. पण आपल्याकडे तो कुणी वाचत नाही. हुडकेश्वर २०१३ साली नागपूर महापालिकेत आलं, लेआउट भराभर भरले, त्यांच्याबरोबर झेरॉक्सची, ऑनलाइन फॉर्मची आणि कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानंही आली. यातल्या कुठल्याही दुकानात मशीन न्या, उत्तर ठरलेलं असतं : ‘काही नाही जी, फॉरमॅट मारावं लागते.’ फॉरमॅट मारला की पंचनामाही गेला. मग नेहमीच्या पेनड्राइव्हवरून तोच ‘ड्रायव्हर पॅक’ पुन्हा चढतो आणि थोड्याच दिवसांत गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन दारात उभं राहतं.

ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड अशा हार्डवेअरशी विंडोजचं बोलणं घडवणारा प्रोग्राम. वर्ड कोलमडलं तर एकटं वर्ड बंद होतं. ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलच्या आत, प्रोसेसरच्या सर्वोच्च अधिकारावर चालतो. त्याने नको तिथे हात घातला की पुढचं नुकसान टाळायला विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही यांनी २००३ मध्ये ‘नूक्स’ या प्रयोगावर निबंध लिहिला. विंडोज एक्सपीच्या तेव्हा नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते, हा आकडा त्यात आहे. लिनक्सलाही यातून सुटका नाही. तिथल्या ड्रायव्हरांत चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या सात पटींपर्यंत असल्याचं २००१ मध्येच दाखवलं गेलं होतं.

मला छळणारा प्रश्न वेगळा होता : चूक कायम तिथेच असते, तर मशीन ‘कधीही’ का बंद पडतं? सकाळभर नीट चालतं, दुपारी एकदम जातं, ते का?

विंडोज मेमरीची काही पानं गरज नसताना डिस्कवर ठेवून देतं आणि कुणी मागितली की परत आणतं. पण ड्रायव्हर हार्डवेअरच्या हाकेला उत्तर देत असतो तेव्हा तो वरच्या प्राधान्यावर चालतो आणि त्या पातळीवर डिस्कची वाट पाहत थांबायला मनाई असते. सदोष ड्रायव्हर नेमका अशा वेळी डिस्कवर जाऊ शकणाऱ्या पानाला हात लावतो. पान रॅममध्येच असेल तर काहीही होत नाही, महिनोन्‌महिने होत नाही. मग एखाद्या दिवशी ब्राउझरमध्ये भरपूर टॅब उघडले जातात, रॅम भरते, ते पान डिस्कवर जातं आणि पडद्यावर ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ उमटतं. दोष मात्र ब्राउझरच्या माथी जातो.

दुसरी तऱ्हा याहून फसवी. ड्रायव्हर आपल्या वाट्याच्या जागेपलीकडे चार बाइट लिहितो आणि पुढे निघून जातो. बऱ्याच वेळाने शेजारच्या जागेचा मालक, बहुधा विंडोजचाच एखादा भाग, ती बिघडलेली माहिती वाचतो आणि कोसळतो. डंपमध्ये नाव येतं त्याचं. एनटीओएस कर्नलचं नाव दिसलं की ‘विंडोज करप्ट झालं’ म्हणणारे इथेच चुकतात.

या दोन्ही तऱ्हांवरचा इलाज विंडोज २००० पासून विंडोजमध्येच आहे. तो म्हणजे ड्रायव्हर व्हेरिफायर. संशयित ड्रायव्हर त्याला नेमून दिले की तो दोन कामं करतो. ड्रायव्हरने प्राधान्य वर नेलं की डिस्कवर जाऊ शकणारी पानं तो लगेच हाताबाहेर काढतो. आणि ड्रायव्हरने मागितलेला मेमरीचा तुकडा पानाच्या अगदी कडेला देऊन पुढचं पान बंद ठेवतो. कडा ओलांडली की जागच्या जागी निळा पडदा. योगायोगाने घडणारा बिघाड असा हमखास घडायला लागतो, आणि डंपमध्ये खऱ्या गुन्हेगाराचं नाव येतं. मशीन चालूच होईना, तर सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर रिसेट करायचा.

ड्रायव्हर न चालवता नुसता त्याचा कोड तपासून चूक काढण्याची वाट थॉमस बॉल आणि श्रीराम राजामणी यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये ‘स्लॅम’ प्रकल्पातून काढली. त्यातूनच पुढे ‘स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर’ आला. राजामणी नंतर बंगळुरूच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. विंडोजच्या असंख्य संगणकांना ज्यांच्या कामाचा उपयोग झाला, त्यांचं नाव आपल्या अभियांत्रिकीच्या पोरांना माहीत नसावं, याची मला खंत वाटते.

हुडकेश्वर रोडवरच्या एका ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातली केस मी अनेकांना सांगतो. ऐन ॲडमिशनच्या दिवसांत, प्रिंट देता देता मशीन बंद पडायचं. संशय प्रिंटरवर. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून मी आधी तापमान आणि वीज बघितली. पण त्या कारणांनी मशीन एकदम विझतं तेव्हा बहुधा डंप उरत नाही, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची नोंद तेवढी दिसते. इथे डंप होते, आणि प्रत्येकाचा कोड वेगळा. असे वेगवेगळे कोड खराब रॅममुळेही येतात, म्हणून रात्रभर मेमटेस्ट लावला. रॅम स्वच्छ निघाली. व्हेरिफायर लावला, तर नाव आलं यूएसबी वाय-फायच्या ड्रायव्हरचं. तो त्या विंडोजपेक्षाही जुना होता, ड्रायव्हर पॅकमधून चिपचं साधर्म्य पाहून चढलेला. प्रिंटर वाय-फायवर होता, त्यामुळे प्रिंट दिली की सगळा भार त्याच ड्रायव्हरवर पडायचा. हार्डवेअर आयडी पाहून योग्य ड्रायव्हर टाकला आणि निळा पडदा थांबला. एकही फाइल पुसावी लागली नाही.

या विषयातला सर्वांत बोलका कागद मात्र सिएटलच्या कोर्टातला आहे. या संगणकावर विंडोज व्हिस्टा चालेल असं सांगणाऱ्या ‘व्हिस्टा कॅपेबल’ स्टिकरवरून २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला झाला आणि २००८ च्या फेब्रुवारीत कंपनीच्या अंतर्गत ई-मेल उघड झाल्या. त्यातल्या एका तक्त्यात व्हिस्टाच्या क्रॅशची वाटणी आहे : एनव्हिडिया २८.८ टक्के, म्हणजे ४,७९,३२६ क्रॅश; खुद्द मायक्रोसॉफ्ट १७.९; अज्ञात १७; एटीआय ९.३, इंटेल ८.८. बातम्या झाल्या त्या पहिल्या ओळीच्या. पण कुणाची किती ग्राफिक्स कार्डं वापरात होती, हे त्या तक्त्यात नाही, त्यामुळे नुसत्या टक्केवारीवरून एनव्हिडियाला सुळावर देणं मला पटत नाही. व्हिस्टात ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच नवी होती, सगळ्यांना नव्याने लिहावं लागलं होतं. मी खिळतो तो ‘अज्ञात’ या ओळीवर. ज्यांनी विंडोज लिहिलं, ज्यांच्या हातात त्याचा सगळा सोर्स कोड, त्यांनाही सहातल्या एका क्रॅशचा धनी सापडला नव्हता! एक चांगली गोष्ट व्हिस्टानेच दिली : ग्राफिक्स कार्ड दोन सेकंदांत उत्तर देईना, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करून पाहतं. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, तो यामुळेच.

मोठं भांडणही व्हिस्टाच्याच वेळचं. ६४ बिटच्या विंडोजमध्ये बाहेरच्यांनी कर्नलमध्ये फेरफार करू नयेत, म्हणून मायक्रोसॉफ्टने ‘पॅचगार्ड’ बसवला. ऑक्टोबर २००६ मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीने ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात देऊन त्याचा निषेध केला. कर्नलपर्यंत पोचता आलं नाही तर ग्राहकांचं रक्षण करता येणार नाही, हे तिचं म्हणणं. बाजारात स्पर्धा हवी, हे मला मान्य आहे. पण कर्नलमध्ये जितके जास्त लोक, तितकं मशीन ठिसूळ, हेही तितकंच खरं.

त्याची किंमत १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी दिसली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक माहितीची फाइल जगभर गेली. कर्नलमधला कोड २१ रकाने अपेक्षित धरत होता, आणि त्याला दिले गेले २०. एकविसावा वाचायला तो मेमरीच्या हद्दीबाहेर गेला. ड्रायव्हर तोच, त्याची डिजिटल सही वैध, बदललं होतं फक्त त्याला भरवलेलं खाद्य. सुमारे ८५ लाख मशीन पडली. १०.५७ ला फाइल मागे घेतली गेली, पण पडलेल्या मशीनना त्याचा उपयोग नव्हता, कारण ड्रायव्हर मशीन सुरू होतानाच चढत होता. एकेका मशीनपाशी बसून सेफ मोडमध्ये ती फाइल पुसावी लागली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. डंप वाचणाऱ्यांना तो ड्रायव्हर सापडला होता. इथे नाव ज्याचं आलं, चूकही त्याचीच होती. असं सरळ प्रकरण क्वचित मिळतं.

जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरस कर्नलबाहेर चालवण्याची सोय निवडक कंपन्यांना चाचणीसाठी देत असल्याचं जाहीर केलं. पेनड्राइव्हवरून चढणारे जुने वाय-फाय ड्रायव्हर त्यात येत नाहीत. त्यांना पकडायला अजून व्हेरिफायरच लावावा लागतो.