पद्मिनीचं बॉनेट उघडताना

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली १०८९ सीसीची पद्मिनी वऱ्हाडातल्या भातकुलीत नव्याने उभी करायची, तर रंगाआधी बॉनेटखालची वायरिंग बघावी.

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यात इंजिनाची धग. वायरींचं आवरण कडक होऊन तडकतं. गाडीची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. उघडी तार तिला टेकली आणि मध्ये फ्यूज नसला, की आगच!

म्हणून वायरी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, स्लीव्हमध्ये बांधाव्यात. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवावं.

६० वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात. तो भार जुन्या स्विचऐवजी रिलेवर द्यावा.

इंजिनच बदलायचं असेल, तर आधी आरटीओची परवानगी घ्या. आणि पाना हाती घेताच पहिली बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.