कपडे वाळले, हे पत्र्याला कसं कळतं?

अमेरिकेतल्या घरांमधले जुन्या धाटणीचे ड्रायर आठवा. आत कॉम्प्युटर नाही की ओलावा मोजणारा सेन्सर नाही. तरीही ‘ऑटो ड्राय’ लावलं की कपडे वाळल्यावर यंत्र आपलं आपण थांबतं. ओल्या कपड्यांमधून गरम हवा जाते तेव्हा तिची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, म्हणून बाहेर पडणारी हवा फारशी तापत नाही. पाणी संपत आलं की ती तापू लागते. साधारण ६८ अंश सेल्सिअसला तिच्या वाटेवरचा थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, आणि खुबी अशी की टायमरची मोटर हीटर बंद असतानाच चालते. कपडे जितके कोरडे, तितका टायमर वेगात पुढे!

हे सगळं जमवून आणते ती थर्मोस्टॅटमधली नाण्याएवढी, किंचित फुगीर धातूची चकती. दोन वेगळे धातू पाठीला पाठ लावून घट्ट जोडलेले असतात. तापल्यावर एक जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून जोड वाकतो. इंग्लंडमधल्या जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात जहाजावरच्या घड्याळासाठी पितळ आणि पोलाद जोडून हीच युक्ती वापरली होती. पुढे १८९६ मध्ये शार्ल गियोम यांना लोखंड आणि सुमारे ३६ टक्के निकेल यांचा अजब मिश्रधातू सापडला. त्याचं नाव इन्वार. तापल्यावर अणूंची थरथर त्याला पसरवू पाहते, त्याच वेळी त्यातलं चुंबकत्व क्षीण होऊन त्याला आकसवू पाहतं. दोन्ही परिणाम जवळजवळ फिटतात आणि इन्वार जेमतेम हलतो. या कामासाठी गियोम यांना १९२० चं नोबेल मिळालं. चकतीची कमी पसरणारी बाजू बहुधा याच लोखंड-निकेल घराण्यातली असते.

चकती फुगीर का? ड्रायरचा हीटर २४० व्होल्टवर सुमारे पाच हजार वॅट ओढतो, म्हणजे वीसहून जास्त अँपिअर. इतका प्रवाह चालू असताना स्विचची टोकं हळूहळू दूर गेली तर मध्ये ठिणगी रेंगाळते आणि टोकं जळतात. फुगीर चकती मात्र बरणीच्या पत्र्याच्या झाकणासारखी ‘टक्’कन उलटते. थंड झाल्यावर ती लगेच परतत नाही. बरंच तापमान उतरावं लागतं. म्हणून हीटर क्षणाक्षणाला चालू-बंद होत नाही.

हीटरच्या पेटीवर आणखी दोन राखणदार असतात. बऱ्याच अमेरिकी यंत्रांत पहिला, हाही थर्मोस्टॅटच, सुमारे १२१ अंशांना उघडतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. दुसरा म्हणजे थर्मल कट-ऑफ, साधारण १७८ अंशांचा. त्याच्या एका प्रकारात स्फटिकी रसायनाची बारीक गोळी स्प्रिंगला अडवून धरते. ठरल्या तापमानाला गोळी वितळते, स्प्रिंग सुटते, वीज तुटते. हे एकदाच घडतं. वितळलेली गोळी पुन्हा उभी राहत नाही.

हीटर तापत नसेल तर प्लग काढून या भागांच्या तारा सोडवा आणि मल्टिमीटरने तपासा. थंड असताना वीज आरपार जायला हवी. जात नसेल तर तो भाग गेला. पण पेटीवरच्या थर्मोस्टॅटची टोकं एकमेकांना चिकटून बसली तर उलटा घोटाळा होतो: मीटरवर तो ठणठणीत दिसतो, आणि तापल्यावर उघडतच नाही. मग सगळा भार कट-ऑफवर येतो. म्हणूनच काही यंत्रांसाठी हे दोन्ही भाग एकाच पाकिटात विकले जातात आणि एकदमच बदलायचे असतात. कट-ऑफच्या जागी नुसती तार जोडून काम भागवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

गोळी वितळली ती कशामुळे, हे शोधल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही. बहुतेकदा दोष कपड्यांतून सुटलेल्या तंतूंचा असतो. ते हवा बाहेर नेणाऱ्या नळीत साचले की हवा मंदावते, हीटर तेवढाच तापत राहतो आणि ती उष्णता थोड्याच हवेत कोंबली जाते. अमेरिकेतल्या ड्रायरच्या आगींमागचं आघाडीचं कारण म्हणजे वेळेवर न झालेली सफाई. म्हणून नवे भाग बसवले की आधी नळी झाडा, यंत्र चालू करा आणि घराबाहेर जाऊन पाहा. भिंतीवरची झडप हवेच्या जोराने उघडायला हवी. नुसती फडफडून मिटत असेल, तर नव्या गोळीचंही भवितव्य ठरलेलं आहे.