निवेदन, शिफारस आणि हुकूम

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला पळस्पे मागे पडल्यावर थोड्याच वेळात कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. आणि या सुळक्याच्या सावलीत राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाला 'आपले आमदार कोण?' असे विचारले, तर ज्याची तहसील कचेरी पनवेलला, ज्याचा बाजारहाट पनवेलला आणि ज्याच्या सातबाऱ्यावरही तालुका म्हणून पनवेलचेच नाव, तो गृहस्थ साहजिकपणे पनवेलच्या आमदारांचे नाव घेतो. या विषयातील पहिला गैरसमज येथेच आहे. मतदारसंघांची जी पुनर्रचना 2008 साली अमलात आली, तिच्यानुसार कर्नाळ्याकडचा मुलूख उरण विधानसभा मतदारसंघात मोडतो. त्या मतदारसंघात संपूर्ण उरण तालुक्याबरोबर पनवेल व खालापूर या तालुक्यांचा काही भाग येतो, आणि लोकसभेसाठी हीच गावे मावळ मतदारसंघात, म्हणजे घाटावरील पिंपरी, चिंचवड व मावळ यांच्या पंक्तीला बसतात. 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेचीही हद्द येथवर पोचत नाही. येथे ग्रामपंचायत आहे.

सारांश असा की, कर्नाळ्याच्या एका रहिवाशाची तक्रार ग्रामपंचायतीची असू शकते, तहसीलदारांची असू शकते, वन खात्याची असू शकते किंवा थेट केंद्र सरकारची असू शकते. आणि यांपैकी कोणत्याही तक्रारीसाठी तो ज्या एका माणसाच्या ओसरीवर जाऊन बसतो तो माणूस म्हणजे आमदार. तेथे बसल्यावर त्याने काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, याविषयी आपल्या समाजात इतक्या भ्रामक कल्पना रूढ आहेत की, त्यांपायी खऱ्या हक्काचीही हानी होते. म्हणून त्या थोड्या विस्ताराने तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

लोकप्रतिनिधीने नागरिकांना भेटण्यास आपण 'जनता दरबार' म्हणतो, आणि या शब्दाबरोबर एक जुनी मनोवृत्ती नकळत आत शिरते. दरबारात याचक येतो आणि मेहेरबानी घेऊन जातो. वस्तुस्थिती अशी की, आमदाराला भेटणारा मनुष्य ज्या सत्तेकडे मागणी करतो, ती सत्ता त्याच्याच मताने निर्माण झालेली आहे. हा फरक किती मोठा आहे हे जाणून घ्यायचे असेल तर कर्नाळ्यापासून फार दूर जावे लागत नाही. पायथ्याजवळच्या शिरढोण गावी 4 नोव्हेंबर 1845 रोजी क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून असताना आई अत्यवस्थ असल्याची वार्ता कळून त्यांनी रजेचा अर्ज केला, रजा वेळेवर मिळाली नाही, आणि ते घरी पोचण्यापूर्वीच आईने देह ठेवला. ज्या राज्यात प्रजेचा प्रतिनिधी नसतो, तेथे अर्ज ही केवळ विनवणी असते, याचा इतका जिव्हारी लागणारा दाखला दुसरा क्वचितच सापडेल. पुढे 25 सप्टेंबर 1930 रोजी, याच मुलखातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात जे रक्त सांडले, त्यामागेही रानावरील आपला हक्क सरकारच्या कानी घालण्याचा सरळ मार्ग नसणे हेच दुःख होते. आज तो मार्ग आहे. म्हणूनच त्याला दरबार म्हणणे मला खटकते.

दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट टोकाचा, आणि अधिक घातक आहे. तो असा की, आमदार तलाठ्याला, तहसीलदाराला किंवा फौजदाराला हुकूम देऊ शकतो. आमदार हा अंमलदार नव्हे. राज्यघटनेने त्याला विधिमंडळाचा सदस्य केले आहे. कार्यकारी अधिकार मंत्रिमंडळाचे व त्याच्या हाताखालील अधिकाऱ्यांचे आहेत. तो पत्र लिहू शकतो, अधिकाऱ्यास विचारू शकतो, आढावा बैठकीत प्रश्न मांडू शकतो, आणि त्याच्या पत्राला वेळेत व सन्मानपूर्वक उत्तर देणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य मानले गेले आहे. परंतु पत्राचा आदर आणि पत्राची अंमलबजावणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या बाबतीत अधिकारी न्यायाधीशाच्या भूमिकेतून निर्णय देतो, तेथे तर त्याने कोणाच्याही शिफारशीवर विसंबू नये, हीच कायद्याची अपेक्षा आहे.

फेरफाराचेच उदाहरण घेऊ, कारण पनवेल-उरणकडे जमिनीची किंमत जसजशी वाढली तसतसे भावाभावांतील तंटे सातबाऱ्यावर उतरले आहेत. वारसाची नोंद असो वा खरेदीची, तलाठी ती फेरफार पुस्तकात घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित किंवा नामंजूर करतो. हा निर्णय मान्य नसेल तर 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाखाली प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांच्या आत अपील करावे लागते. आता असे पाहा की, नोंद विरुद्ध गेलेला एखादा शेतकरी आमदारांकडे जातो, तेथून तहसीलदारांच्या नावे पत्र मिळवतो, ते पत्र पिशवीत जपून ठेवून 'आता साहेबांनी लिहिले आहे' अशा समाधानात घरी परततो, आणि उत्तराची वाट पाहता पाहता अपिलाची मुदत निघून जाते. विलंब माफ करून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते; आणि 'आमदारांच्या पत्राची वाट पाहत होतो' हे सांगणे मोठे केविलवाणे होय. पत्राने मुदत थांबत नाही, एवढी एकच गोष्ट जर गावोगावच्या बैठकांत प्रथम सांगितली गेली तर कितीतरी घरांचे नुकसान टळेल. ज्या आमदाराच्या कार्यालयात कागद हातात घेताच 'अपील केले का?' असे विचारणारा एक जाणता कारकून बसलेला असतो, ते कार्यालय मी उत्तम समजतो.

दाखल्यांविषयीही थोडेसे असेच आहे. उत्पन्नाचा, जातीचा वा रहिवासाचा दाखला ठराविक मुदतीत मिळणे हा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दिलेला अधिकार आहे. तो नाकारला गेला किंवा रेंगाळला तर त्याच कायद्यात अपिलाची पायरी आहे. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरतो. आधी आपला अर्ज करावा, त्याची पोच व आवक क्रमांक घ्यावा, आणि मग प्रतिनिधीकडे जावे, हा क्रम सांभाळला तर प्रतिनिधीच्या शब्दाला कागदाचा आधार मिळतो.

आमदार निधीविषयीच्या कल्पना तर फारच अद्भुत आहेत. तो पैसा आमदारांच्या हाती येतो आणि ते तो वाटतात, असे मानणारे सुशिक्षित लोकही भेटतात. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाची वार्षिक मर्यादा आज 5 कोटी रुपये आहे. त्यातील एकही रुपया आमदाराच्या खात्यात जमा होत नाही. तो काम सुचवतो. सार्वजनिक बांधकाम खाते वा जिल्हा परिषद यांसारखी यंत्रणा अंदाजपत्रक करून तांत्रिक मान्यता देते. जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मंजुरी होते. आणि देयक यंत्रणेमार्फत अदा होते. सार्वजनिक उपयोगाचे व टिकाऊ काम असावे, हा त्याचा मूळ दंडक. खाजगी घराच्या दुरुस्तीसाठी किंवा कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी हा निधी मागणाऱ्याला रिकाम्या हाती परतावे लागले, तर त्यात आमदाराचा कोतेपणा नसून नियमाचे बंधन असते. उपचारासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा मार्ग निराळा आहे आणि तेथे शिफारस करणे आमदाराला शक्य असते.

मग आमदाराच्या हाती स्वतःचे असे सामर्थ्य काय आहे? ते सभागृहात आहे, आणि कर्नाळ्याच्या रस्त्याचे प्रकरण हे त्याचे उत्तम उदाहरण ठरावे. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक 17 आणि आताचा 66, येथे पक्षी अभयारण्यामधून जातो. 1968 साली सुमारे साडेचार चौरस किलोमीटरांवर स्थापन झालेले आणि पुढे बारा चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तारलेले हे अभयारण्य राज्याच्या वन खात्याकडे आहे, आणि त्याला चिरत जाणारा रस्ता केंद्राचा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अभयारण्यातील रस्त्याचे रुंदीकरण वन्यजीव मंडळाच्या संमतीवाचून होऊ शकत नाही. तेव्हा 'आमदारांनी मनात आणले असते तर रस्ता केव्हाच झाला असता' हे बोलणे जितके सोपे तितकेच निराधार आहे. रस्त्यासाठी खासदारांकडून केंद्रीय मंत्रालयाला आणि रानासाठी आमदारांकडून राज्याच्या वनमंत्र्यांना विचारले जाणे, अशी ही दुहेरी वाट आहे.

वनमंत्र्यांना विचारण्याची साधने मात्र भक्कम आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नांची सरबत्ती होऊ शकते; अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते; लक्षवेधी सूचनेने तातडीच्या बाबीवर निवेदन मागता येते; मंत्र्याने दिलेला शब्द पाळला गेला की नाही हे पाहण्यास आश्वासन समिती आहे; आणि विनंती अर्ज समिती नावाची एक समिती आहे, जिच्यापुढे सामान्य नागरिकाचा अर्ज सदस्यामार्फत जाऊ शकतो. ही शेवटची सोय आपल्या लोकांना जवळजवळ ठाऊकच नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटते. राज्यघटनेच्या 194 व्या अनुच्छेदाने सभागृहातील भाषणाला जे संरक्षण दिले आहे, ते याच कामासाठी आहे: ज्याचे गाऱ्हाणे मांडायचे त्याच्यावतीने निर्भयपणे बोलता यावे म्हणून.

समूहाने भेटण्याविषयी एक समज असा आहे की, मोर्च्यात जितकी डोकी तितकी सुनावणी. रायगड जिल्ह्याच्या स्मृतीत तर या समजाला मोठे बळ आहे, कारण 16 व 17 जानेवारी 1984 रोजी नवी मुंबईसाठी सिडकोने चालवलेल्या भूसंपादनाविरुद्ध जासई व नवघर येथे झालेल्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. ते बलिदान कोणी लहान लेखू नये. परंतु त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील हे पनवेलमधून पाच वेळा विधानसभेवर निवडून आलेले आणि विरोधी पक्षनेतेपद भूषविलेले वकील होते, ही गोष्ट आपण विसरतो. भूसंपादनाचा कायदा, मोबदल्याचा हिशेब आणि गावोगावची खातेदारांची परिस्थिती त्यांना मुखोद्गत होती, आणि रस्त्यावर जी मागणी लोक घोषणेने करीत तीच ते सभागृहात आकड्यांनी करीत. जमावाने मागणी ऐकू येते. ती मान्य होण्यासाठी तिचा मसुदा लागतो. म्हणून महिला बचत गट असो, मच्छीमार सोसायटी असो वा भूमिपुत्रांची कृती समिती असो, शंभर माणसे नेण्यापेक्षा पाच माणसे, एका पानाचे निवेदन, गट क्रमांक, तारखा आणि ग्रामसभेचा ठराव एवढे घेऊन गेल्यास काम अधिक होते, असे माझे निश्चित मत आहे.

शेवटचा गैरसमज असा की, आमदार हा ज्यांनी त्याला मत दिले त्यांचा. मत गुप्त असते, त्यामुळे ही वाटणी करणेच अशक्य. आणि निवडून आल्यावर तो विरोधात मत देणाऱ्याचा, मत न देणाऱ्याचा व मतदार यादीत नावच नसलेल्याचाही प्रतिनिधी असतो. कर्नाळ्याच्या आसमंतातील कातकरी व ठाकर वाड्यांच्या संदर्भात याला विशेष अर्थ आहे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मतदार यादीची दुरुस्ती, शिधापत्रिकेची तपासणी आणि नेत्यांचे दौरे बहुधा ती घरी नसतानाच होतात. त्यांच्या कसत्या वनजमिनीचा प्रश्न 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सुटू शकतो. पण तो कोणाच्या पत्राने सुटत नाही. दाव्याचा प्रारंभ ग्रामसभेत होतो, मग तो उपविभागीय समितीकडे व शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जातो, आणि यांपैकी कोठेही आमदारपणामुळे आपोआप मिळणारे स्थान नाही. ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते, आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. माघ-फाल्गुनात ओसाड पडलेल्या वाडीत ही गणपूर्ती कोठून व्हावी? येथे आमदाराला करण्याजोगे एक काम आहे, आणि त्याला ना निधी लागतो ना हुकूम: वाड्यांची भेट आषाढ-श्रावणात ठेवावी, लावणी उरकून माणसे घरी असताना, सोबत वनहक्काचे कोरे अर्ज, मतदार नोंदणीचे कागद आणि ते भरून देणारा एक कारकून न्यावा, आणि ग्रामसभेची तारीख त्याच मुक्कामात वाडीकडूनच ठरवून घ्यावी.