नियम एक, तर जागाही एकच!

परभणी : जिंतूरपासून पालमपर्यंत परभणी जिल्ह्यात ९ तालुके आहेत. समजा, या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या नोंदी ठेवणारे संकेतस्थळ पीएचपी या संगणकीय भाषेत उभारावयाचे आहे. माती परीक्षण, बियाणे, पीक विमा असे त्याचे विभाग असतील. कोणताही विभाग उघडण्यापूर्वी समोरची व्यक्ती कोण आणि ती नोंद पाहण्याचा तिला अधिकार आहे काय, हे तपासावे लागेल. ही तपासणी लिहावयाची कोठे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक सुरक्षित राहणार की नाही, हे मात्र त्याच्या उत्तरावर ठरते.

नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्व्हे रेन्स्काउग यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या रचनेत कामाची तीन भागांत विभागणी आहे. 'मॉडेल' माहिती सांभाळते, 'व्ह्यू' ती पडद्यावर दाखवतो आणि 'कंट्रोलर' या दोहोंमध्ये दुवा साधतो. कंट्रोलर म्हणजे जणू कार्यालयाच्या खिडकीवरील कारकून. अर्ज घ्यायचा, नोंद काढवून घ्यायची आणि उत्तर द्यायचे, हे त्याचे काम. केकपीएचपी, कोडइग्नायटर, लाराव्हेल हे पीएचपीमधील लोकप्रिय फ्रेमवर्क याच रचनेवर आधारलेले आहेत.

नवखा प्रोग्रॅमर ओळख तपासण्याच्या त्याच ओळी प्रत्येक कंट्रोलरमध्ये उतरवून काढतो. दहावा कंट्रोलर घाईत लिहिताना त्या राहून जातात आणि एक खिडकी विनापहारा उघडी राहते. ही भीती काल्पनिक नाही. संकेतस्थळांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या 'ओवास्प' या संस्थेच्या २०२१ च्या यादीत प्रवेशाधिकारातील त्रुटी हाच पहिल्या क्रमांकाचा धोका होता.

यावरचा जुना उपाय म्हणजे 'बेस कंट्रोलर'. सामायिक काम एका पालक क्लासमध्ये लिहावयाचे आणि इतर कंट्रोलरांनी त्याचा वारसा घ्यावयाचा. मात्र येथेही एक खाचखळगा आहे. पीएचपीमध्ये अपत्य क्लासने स्वतःचा 'कन्स्ट्रक्टर', म्हणजे आरंभी आपोआप चालणारा भाग, लिहिला, तर पालकाचा कन्स्ट्रक्टर आपोआप चालत नाही. त्याला स्पष्टपणे बोलवावे लागते. ती एक ओळ विसरली, तर तेथील तपासणी गुपचूप टळते. त्रुटीचा संदेशही बहुधा येत नाही.

दुसरी मर्यादा अशी, की पीएचपीमध्ये क्लासला एकच पालक असू शकतो. त्यामुळे सारा भार त्या पालकावर पडून तो फुगत जातो. २०१२ मध्ये आलेल्या पीएचपी ५.४ ने 'ट्रेट' ही सोय दिली. फाइल चढवणे, अहवाल छापणे अशी सुटी कौशल्ये ट्रेटमध्ये लिहून हव्या त्या कंट्रोलरला जोडता येतात. विमा हप्त्याच्या हिशेबासारखे नियम कंट्रोलरमध्ये न ठेवता स्वतंत्र 'सर्व्हिस' क्लासमध्ये ठेवणे श्रेयस्कर.

ओळख तपासण्यासाठी मात्र 'मिडलवेअर' हाच उत्तम मार्ग. कोडइग्नायटरच्या चौथ्या आवृत्तीत त्याला 'फिल्टर' म्हणतात. हा प्रवेशद्वारावरील पहारेकरी आहे. विनंती कंट्रोलरपर्यंत पोहोचण्याआधीच तो ती अडवतो. संकेतस्थळाच्या संपूर्ण विभागाला तो एकदाच लावता येतो. त्यामुळे त्या विभागात नव्याने भर पडलेले पानही आपोआप पहाऱ्याखाली येते. अर्थात, अमुक शेतकऱ्याची अमुक नोंद कोणी पाहावी, हे त्या नोंदीपाशी पुन्हा तपासावेच लागते.

२०२४ मध्ये आलेल्या लाराव्हेलच्या अकराव्या आवृत्तीत बेस कंट्रोलर जवळजवळ रिकामाच ठेवण्यात आला, हे या दृष्टीने बोलके आहे. सामायिक काम एका जागी आणावे, पण सारेच काम एका जागी कोंबू नये. सर्वांना लागू असलेला नियम दारावर, सुटे कौशल्य ट्रेटमध्ये आणि हिशेब सर्व्हिसमध्ये अशी वाटणी केली, तर उद्या नियम बदलला तरी दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागेल आणि एकही खिडकी उघडी राहणार नाही.