मीटर म्हणतं ‘ओके’, मग गाडी का बंद पडते? जुन्या पद्मिनीची इग्निशन कॉइल

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, पण घरची पद्मिनी जिवापाड जपणारे लोक अजून आहेत. त्यांची एक ठरलेली तक्रार असते. मे महिन्यात नांदेडहून लातूरला निघालं की तासाभरात गाडी मिस मारते आणि बंद पडते. बोनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू! मेकॅनिक मल्टीमीटर लावतो आणि म्हणतो, “कॉइल ओके आहे.” मग कार्ब्युरेटर उघडतो, पेट्रोल पंप बदलतो. पैसे जातात, दुखणं तसंच राहतं.

विष्णुपुरीला बसून माझं पीएचडीचं काम इन्सुलेटरवर चालतं, म्हणजे वीज अडवणारे पदार्थ कधी हार मानतात यावर. हे कोडं त्याच विषयातलं आहे, म्हणून आज कॉइलबद्दल.

कॉइल करते काय?

बॅटरी १२ व्होल्टची, पण प्लगच्या फटीत ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात: प्रायमरीत जाड तारेचे काहीशे वेढे आणि सेकंडरीत केसासारख्या तारेचे हजारो. पॉइंट बंद असताना, म्हणजे एकमेकांना टेकलेले असताना, प्रायमरीतून सुमारे ४ अँपिअर करंट जातो आणि चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. पॉइंट उघडले की करंट तुटतो आणि क्षेत्र कोसळतं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या नियमाने प्रायमरीतच दोन-तीनशे व्होल्ट तयार होतात. सेकंडरीत ते शंभरेक पटींनी वाढतात. म्हणजे वीस हजारांच्या पुढे! कंडेन्सरचं काम एवढंच की पॉइंटमध्ये ठिणगी न पडता करंट झटक्यात तुटावा.

कोणती घ्यायची?

डब्यावरच्या “४०,००० व्होल्ट”वर जाऊ नका. फटीला जेवढे व्होल्ट लागतात तेवढे झाले की ठिणगी पडते, व्होल्टेज त्याच्या वर चढतच नाही. बघायचा आकडा आहे प्रायमरीचा रेझिस्टन्स.

- पॉइंटवाल्या, बॅलास्ट नसलेल्या १२ व्होल्टच्या गाडीला साधारण ३ ओहमची कॉइल.
- बॅलास्ट रेझिस्टर असेल तर साधारण १.५ ओहमची.

१.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर? गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरा. १४ भागिले १.५, म्हणजे ९ अँपिअरच्या वर. पॉइंट जळतील, कॉइलही तापेल. इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठी बनवलेल्या, एक ओहमच्या आतल्या कॉइल तर पॉइंटवर अजिबात नकोत.

तपासायची कशी?

१. इग्निशन बंद करून कॉइलच्या तारा काढा. मीटरच्या दोन्ही वायर एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी बघा आणि तो वजा करा. ३ ओहममध्ये ०.३ चा फरकही दहा टक्के होतो.

२. दोन छोट्या टर्मिनलांमध्ये प्रायमरी मोजा. मग मधल्या टॉवरपासून एका टर्मिनलपर्यंत सेकंडरी: साधारण ५ ते १५ हजार ओहम.

३. टर्मिनल आणि डबा यांच्यात मीटरने काहीच दाखवू नये.

४. तारा जोडून स्पार्क टेस्टरवर ठिणगी बघा. निळसर, कडक आवाजाची हवी. वायर हातात धरू नका, जवळ पेट्रोल नको, आणि वायर मोकळी लोंबकळत ठेवून इंजिन फिरवू नका. बाहेर वाट मिळाली नाही तर वीज कॉइलच्या आतच वाट काढते.

मग मीटर चुकतं कुठे?

मीटर चुकत नाही, ते वेगळाच प्रश्न विचारतं. ते जेमतेम काही व्होल्ट लावून मोजतं, तेही थंड कॉइलवर. बंधाऱ्याच्या भिंतीची भेग गुडघाभर पाण्यात कळत नाही, पाणी काठोकाठ भरलं की कळते. वेढ्यांमधलं जुनं इन्सुलेशन तसंच आहे: थंड असताना वीस हजार व्होल्ट पेलतं, तापलं की आतल्या आत सोडून देतं.

शिवाय धडधाकट कॉइलसुद्धा उन्हाळ्यात कमजोर होते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ३ ओहमची कॉइल ८० अंशांना ३.७ ओहमची होते. करंट ४.७ वरून ३.८ अँपिअरवर येतो. साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरते, म्हणजे ढोबळमानाने एक तृतीयांश गेली! नवी कॉइल हे सोसते, आतून गळणारी सोसत नाही.

म्हणून खरी परीक्षा गाडी बंद पडेल त्याच क्षणी, गार होण्याआधी. स्पार्क टेस्टर डिकीत ठेवा. ठिणगी कडक असेल तर कॉइलला दोष देऊ नका. उन्हाने पाइपात पेट्रोलची वाफ अडकली असण्याची शक्यता जास्त. ठिणगी मरतुकडी असेल तर आधी कंडेन्सर बदलून बघा, तो स्वस्त असतो. तरीही तसंच राहिलं तर कॉइल बदला.

आणि एक सवय लावून घ्या: इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून गाणी ऐकू नका. पॉइंट टेकलेले राहिले तर कॉइलमध्ये सतत ४८ वॅट उष्णता तयार होत राहते. तिचं आयुष्य अशानेच घटतं.