दात सरकतो कसा?

तार लावली की दात नुसता ओढला जातो, असे अनेकांना वाटते. खरे काम हाडात चालते. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो, जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. तारेने सतत हलका जोर दिला की ज्या बाजूला हा थर दबतो तिथले हाड काही पेशी विरघळवतात; जिथे तो ताणला जातो तिथे दुसऱ्या पेशी नवे हाड रचतात. वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. जोर वाढवून घाई केली, तर दबलेल्या थराचा रक्तपुरवठा थांबतो, दात अडून बसतो आणि मूळ झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतात. सरसकट 'सहा महिन्यांत सरळ दात' सांगणाऱ्या पाट्यांकडे मी तरी संशयानेच बघतो.

हे काम ऑर्थोडॉन्टिस्टचे, म्हणजे बीडीएसनंतर याच विषयात ३ वर्षांचे एमडीएस केलेल्या डॉक्टरचे. एमडीएस इतर शाखांतही असते, तेव्हा जवळचा दवाखाना शोधताना विषय कोणता ते विचाराच. राज्य दंत परिषदेची नोंदणीही विचारावी, त्यात संकोच कसला? मुंबई, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हा विभाग आहे. तिथे खर्च कमी, रांग मोठी.

मुलांची पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास करावी. तेव्हा तार क्वचितच लागते, पण जबड्याच्या वाढीचा अंदाज येतो. तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर मात्र टाळू नये. हिरडीतले ताणलेले तंतू स्थिरावायला कित्येक महिने घेतात आणि तोवर दाताला मागे खेचत राहतात.